बाहुलीचा हात, माणसाचा हात

'थंडरबर्ड्‌स' या ब्रिटिश विज्ञान-बाहुलीमालिकेचे १९६५-६६ मधले काही भाग मी नुकतेच पुन्हा पाहिले. कुठे कुणी संकटात अडकले की ट्रेसी कुटुंबातले पाच भाऊ अजस्र यंत्रे घेऊन धावतात.

ही कल्पना खऱ्या दुर्घटनेतून आली. १९६३ मध्ये पश्चिम जर्मनीत लेंगेडेच्या लोहखाणीत पाणी शिरले. २९ कामगार दगावले. शेवटच्या ११ जणांना १४ दिवसांनी वर काढले. खोदाईचे अवजड यंत्र दुरून आणण्यात वेळ गेला, ही गोष्ट निर्माते गेरी अँडरसन यांच्या मनाला लागली. मग त्यांनी मदत ताबडतोब पोचेल अशी दुनिया पडद्यावर उभी केली.

पण गंमत पाहा, तारांवरच्या बाहुल्यांना साधे बटण दाबता येत नसे. जवळून दिसणारा हात खऱ्या माणसाचा असे.

तो हात पाहताना मला उत्तराखंडचा सिल्क्यारा बोगदा आठवला. २०२३ मध्ये तिथे ४१ मजूर १७ दिवस अडकले होते. अखेरच्या काही मीटरांवर यंत्र मोडले, तेव्हा मजुरांनीच हातांनी खोदून वाट केली. यंत्रे वेळेवर पोचायलाच हवीत. पण ती शेवटची माती कुणी उपसली, हेही विसरू नये.