ब्लेनहाइमच्या गवंड्यांचा दावा

श्रोतेहो, ज्यानें चुना कालवला, दगड चढविला, त्याचे पैसे थकले तर त्यानें कोणाचें दार ठोठवावें? हा प्रश्न इंग्लंडांत एकदां एका प्रचंड वाड्यावरून न्यायालयांत गेला.

मार्लबरोच्या ड्यूकनें १७०४ सालीं ब्लेनहाइमची लढाई जिंकली. बक्षीस म्हणून त्यास वुडस्टॉकची जहागीर मिळाली, आणि तेथें राणी ॲनच्या खजिन्यांतून वाडा उठूं लागला. मात्र किती रक्कम द्यावयाची, याचा करार कागदावर कधीं आलाच नाहीं! राणीची मर्जी फिरली व १७१२ सालीं पैसा थांबला. त्या वेळीं सुमारें ४५,००० पौंड देणें थकलें होतें. राणीच्या मृत्यूनंतर पार्लमेंटनें तिचीं कर्जें फेडलीं खरीं. पण कारागिरांच्या पदरांत मागणीचा सुमारें एक तृतीयांश पडला.

तेव्हां एडवर्ड स्ट्राँग व त्याचा पुत्र यांनीं खुद्द ड्यूकवर फिर्याद केली. हे कोणी ऐरेगैरे नव्हेत. सेंट पॉलच्या मंदिरावर काम केलेले हे नामांकित गवंडी. ड्यूकचें म्हणणें, वाडा ही राणीची देणगी, तेव्हां देणेंही सरकारचें. परंतु १७०५ सालच्या एका हुकुमांत खजिनदार गोडॉल्फिन यानें वास्तुकार व्हॅनब्रू याची नेमणूक ‘ड्यूकच्या वतीनें’ केली होती. ही ओळ ड्यूकला भोंवली. एक्सचेकर न्यायालयानें निकाल गवंड्यांसारखा दिला व १७२१ सालीं उमरावांच्या सभेनें तो कायम केला.

एवढ्यावर भागलें नाहीं. डचेस सारा हिनें कटाचा आरोप करून व्हॅनब्रूसह सुमारें चारशें जणांस चॅन्सरी न्यायालयांत खेंचलें. न्याय मिळालेल्यानेंच पुन्हा प्रतिवादी व्हावें, ही श्रीमंती हट्टाची कमाल नव्हे काय? १७२५ सालीं व्हॅनब्रू आपलाच वाडा पाहावयास गेला, तर त्यास आंतही घेतलें नाहीं.

आतां मर्म ऐका. मजुरी मिळेपर्यंत शिंप्यास शिवलेला अंगरखा अडवितां येतो. गवंड्यास वाडा अडवितां येत नाहीं. इंग्लंडच्या कायद्यानें भिंतींत बसलेला दगड जमीनमालकाचा होतो, आणि गवंड्याच्या हातीं उरतो तो केवळ पैशाचा दावा.

अमेरिकेंत वॉशिंग्टन शहर वसवितांना ही अडचण ओळखली गेली. बांधकामास माणसें पुढें यावींत म्हणून मेरीलँडच्या विधिमंडळानें डिसेंबर १७९१ मध्यें कायदा केला : लेखी करार करून तो रीतसर नोंदविला असेल, तर थकलेल्या रकमेचा बोजा त्या घरावर व त्याखालील जमिनीवरही बसावा.