शोधाचा वेग आणि सूची

कृष्णाकांठच्या पलूस भागांतील शेतकऱ्यास वडिलार्जित जमिनीची जुनी नोंद हवी असली, म्हणजे पूर्वीं त्यास चावडीची वाट धरावी लागे. तेथें फडक्यांत बांधलेलीं दप्तरें असत. सर्व्हे नंबर ठाऊक असला तर उतारा लवकर निघे; नसला तर एकामागून एक गठ्ठा सोडण्यावांचून गत्यंतर नसे. आधीं खूण करून ठेवली, तरच शोध जलद होतो, हें त्या चावडींत सर्वांस ठाऊक होतें.

पुण्याच्या पेशवे दप्तराची कथा हीच. तेथील मोडी कागदांचे हजारों रुमाल अभ्यासकांस दीर्घकाळ दुर्गम होते. १९३० च्या दशकांत रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांच्या संपादनाखालीं निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तेव्हां कोठें त्या भांडारांत शिरण्यास वाट झाली.

संगणकानेंही हेच दोन मार्ग चोखाळले. पहिला मार्ग सर्व मजकूर वाचून पाहण्याचा. १९७३ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन ह्यांनीं रचलेला ‘ग्रेप’ हा कार्यक्रम फाइलीची ओळ न् ओळ तपाशी. १९७७ मध्यें बॉयर व मूर ह्यांनीं दाखविलें कीं, शब्दाची पडताळणी शेवटच्या अक्षरापासून केल्यास मजकुरांतील पुष्कळ अक्षरें न पाहतांच ओलांडतां येतात. दुसरा मार्ग यादीचा. १९८३ मध्यें जेम्स वुड्स ह्यांनीं फाइलींच्या नांवांची आटोपशीर यादी आधींच करून ठेवण्याची युक्ति प्रसिद्ध केली. २००५ मध्यें ॲपलच्या ‘स्पॉटलाइट’नें घरगुती संगणकावर फाइलींच्या आंतील शब्दांचीही सूची ठेविली. मात्र सूची शिळी झाली कीं नवा कागद असून नसल्यासारखा होतो; म्हणून यंत्रास ती सतत ताजी ठेवावी लागते.

मराठीपुढें ह्याहून बिकट अडचण उभी राहिली. छापखान्यांतील अनेक जुन्या टंकांत मराठी अक्षराची केवळ आकृति असे; तिच्यामागें यंत्राच्या पोटांत रोमन अक्षराचा संकेत साठविलेला असे. पडद्यावर ‘पलूस’ स्पष्ट दिसे, परंतु देवनागरींत तो शब्द शोधणारास यंत्र क्षणार्धांत ‘नाहीं’ म्हणून सांगे. वेगानें मिळालेलें तें खोटें उत्तर होय! १९९१ च्या युनिकोड संकेतांत देवनागरीस स्वतंत्र स्थान मिळालें. तथापि जुन्या टंकांतील ज्या फाइली त्या संकेतांत उतरविल्या गेल्या नाहींत, त्या आपल्याच घरांत हरवल्यासारख्या आहेत.

२०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पलूसच्या शेतकऱ्यास घरबसल्या मिळूं लागला. तो क्षणांत सांपडतो, कारण गांव व गट क्रमांक ह्या खुणा कोणी तरी आधीं शुद्ध लिहून ठेवलेल्या असतात. यंत्राच्या चपळाईमागें असे निमूट लिहिणारे हात आहेत. ते थांबले, तर कितीही वेगवान यंत्र रिकाम्या दप्तरांतच धांवत राहील.