कृष्णकमळाची वेल आणि तिचे पाहुणे

नाशिकच्या अंबड, पाथर्डी फाटा, सिडको या भागांत बंगल्यांच्या फाटकांवर आणि रो-हाउसच्या जिन्यांलगत कृष्णकमळाची वेल हमखास दिसते. थोडी माती, थोडे ऊन आणि चढायला आधार मिळाला की पावसाळ्यापासून ती जांभळट निळ्या फुलांनी भरून जाते. मात्र एखाद्या सकाळी तिची पाने कुरतडलेली दिसतात, देठांवर काटेरी अळ्यांची रांग आढळते आणि घरातील मंडळी कीटकनाशकाच्या शोधात निघतात. ही वेल लावू इच्छिणाऱ्याने लागवडीबरोबरच या अळ्यांचीही ओळख करून घेणे आवश्यक आहे.

एक फूल, दोन कथा

कृष्णकमळाच्या फुलात पाकळ्यांच्या वर बारीक तंतूंचे वलय असते. ते शंभर कौरव, त्यावरील पाच पुंकेसर हे पांडव आणि सर्वांत वरचे तीन भाग म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश अशी कथा आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. मधल्या गोलात कोणी द्रौपदी पाहतो, तर कोणी सुदर्शन चक्र. तंतूंची संख्या प्रत्यक्षात जातीनुसार बदलते, पण पाच आणि तीन हे आकडे मात्र चुकत नाहीत.

ही वेल मूळची भारतातील नव्हे. पॅसिफ्लोरा या कुळातील पाचशेहून अधिक जातींपैकी बहुतेक अमेरिका खंडातल्या आहेत. तेथे गेलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांना याच तंतूंत येशूचा काटेरी मुकुट दिसला, पाच पुंकेसरांत पाच जखमा आणि वरच्या तीन भागांत तीन खिळे दिसले. येशूच्या यातनांवरून पडलेले हे नाव लिनियसने १७५३ मध्ये शास्त्रीय नामावलीत कायम केले. ‘पॅशन’ या शब्दाचा अर्थ येथे यातना असा आहे. अंबडजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील बौद्ध लेण्यांना लोकांनी पांडवलेणी म्हटले, त्याच लोकमानसाने परदेशातून आलेल्या या फुलातही पांडव शोधले.

कोणती वेल निवडावी?

रोपवाटिकांत निळ्या-जांभळ्या फुलांचे सुवासिक संकरित प्रकार सर्वाधिक मिळतात. लाल फुलांच्या जाती दिसायला आकर्षक असतात, परंतु त्यांना नाशिकची थंडी फारशी मानवत नाही. फळे हवी असतील तर पॅशन फ्रूटची वेल घ्यावी. तिचे जांभळ्या आणि पिवळ्या फळांचे असे दोन मुख्य प्रकार आहेत. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात चेट्टळ्ळी येथील संशोधन केंद्राने या दोहोंच्या संकरातून ‘कावेरी’ हे वाण तयार केले आहे. जांभळ्या प्रकाराला थंड हवा अधिक मानवते आणि एकाच वेलीवरही फळे धरतात. पिवळ्या प्रकारात मात्र फळासाठी दुसऱ्या रोपापासून वाढवलेल्या वेलीचे परागकण लागतात. शोभेच्या संकरित वेलीला फळ आले नाही तर तो निगेतला दोष समजू नये.

याच कुळातील वेलघाणी ही वेल रस्त्याकडेला आणि पडीक जागेत आपोआप उगवते. फिकट फुले, चुरडल्यास उग्र वास येणारी पाने आणि जाळीदार आवरणातील लहान फळ यांवरून ती ओळखता येते.

लागवड

जून-जुलै हा लागवडीचा उत्तम काळ होय. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीचा तीन पेरांचा तुकडा घ्यावा, खालचे पेर मातीत राहील असा लावावा आणि सावलीत ओलसर ठेवावा. साधारण महिनाभरात मुळे धरतात. नाशिक परिसरातील काळी माती पाणी धरून ठेवते आणि या वेलीची मुळे साचलेल्या पाण्यात कुजतात. म्हणून काळ्या मातीत पोयट्याची किंवा लाल माती, कुजलेले शेणखत आणि थोडी जाड वाळू मिसळावी. मूठभर निंबोळी पेंड घातल्यास मुळांवरील सूत्रकृमींना आळा बसण्यास मदत होते. कुंडीत लावायची असल्यास ती किमान सोळा इंच व्यासाची असावी. गच्चीवर अर्धा कापलेला ड्रमही चालतो, फक्त त्याच्या तळाला पुरेशी छिद्रे हवीत.

दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन मिळाले नाही तर वेल पानांनीच भरते. वेलीचे कुरळे तणावे बारीक आधारालाच गुंडाळतात. त्यामुळे गुळगुळीत भिंतीवर ती चढत नाही, तिला तार, जाळी किंवा मांडव द्यावा लागतो. द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात मांडवाची तार ओढणारे हात सहज मिळतात.

निगा आणि छाटणी

द्राक्षाप्रमाणेच कृष्णकमळाचीही फुले नव्या फुटीवर येतात. छाटणी टाळून वर्षानुवर्षे जपलेली वेल म्हणूनच खाली बोडकी आणि वर गुंतवळ अशी दिसू लागते. थंडी ओसरताना, फेब्रुवारीच्या सुमारास, वाळलेल्या व गुंतलेल्या फांद्या काढून उरलेल्या एकतृतीयांशाने आखडाव्यात. युरियासारखे नत्रयुक्त खत जास्त दिल्यास पाने वाढतात, फुले घटतात. उन्हाळ्यात बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

पिठ्या ढेकूण आढळल्यास साबणाच्या पातळ पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून काढावा. पानाच्या देठावरील बारीक ग्रंथींतून गोड रस स्रवतो व त्यासाठी मुंग्या येतात. त्या वेलीच्या शत्रू नव्हेत, पाने खाणाऱ्या किडींना त्या काही प्रमाणात दूर ठेवतात. पॅशन फ्रूटच्या परागीभवनाचे काम मोठे काळे भुंगे करतात. ते वाळक्या लाकडात घर करतात, म्हणून बागेच्या कोपऱ्यात एखादा जुना बांबू राहू द्यावा. भुंगे फिरकत नसतील तर मऊ कुंचल्याने परागकण वरच्या तीन टोकांना लावावेत.

अळ्यांचे काय करावे?

पानांच्या खालच्या बाजूला पिवळ्या अंड्यांचा पुंजका आणि नंतर तांबूस तपकिरी, काटेरी अळ्या दिसल्या तर त्या बहुधा कृष्णकमलिनी या फुलपाखराच्या असतात. नारिंगी पंखांवर काळे ठिपके असलेले हे संथ उडणारे फुलपाखरू मूळचे आपल्याकडचे आहे. रतनपुरुष यासारख्या देशी वनस्पतींवर ते पूर्वापार वाढत आले. अमेरिकेतील वेल इकडे आली, तशी तिलाही त्याने आपलेसे केले. वेलीच्या पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. ती बहुतेक कीटकांना नकोशी असतात, पण या अळ्यांचे त्यावाचून काही अडत नाही. उलट पक्षी अशा बेचव अळ्यांच्या आणि फुलपाखरांच्या वाटेस सहसा जात नाहीत. म्हणूनच औषधी उपयोगाच्या ऐकीव माहितीवरून या वेलीच्या पानांचा काढा घरी करून पिऊ नये.

फवारणी केल्यास अळ्यांबरोबर भुंगे आणि मधमाश्याही मरतात, शिवाय फळे खाण्यायोग्य राहत नाहीत. निंबोळी तेलही अळ्यांना घातकच ठरते. पहिल्या वर्षीची कोवळी वेल मात्र वाचवायला हवी. अळ्या असलेली पाने कात्रीने कापून जवळपासच्या वेलघाणीवर नेऊन ठेवावीत. बुंधा जाड झाल्यावर ही काळजीही उरत नाही. सगळी पाने खाल्ली गेली तरी निरोगी, जुनी वेल पुन्हा फुटते. जागा असल्यास दोन वेली लावाव्यात, एक फुलांसाठी आणि एक अळ्यांसाठी.

कृष्णकमळाचे एक फूल जेमतेम दिवसभर टिकते. कुरतडलेल्या पानांकडे थोडे दुर्लक्ष करण्याची तयारी असेल, तर त्याच वेलीवर लटकलेल्या कोषातून एखादे नारिंगी फुलपाखरू बाहेर येताना घरातील मुलांना पाहता येईल. कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या कुटुंबांना हा अनुभव घराच्या फाटकावरच मिळू शकतो.