यशब म्हणजेच जेड : खरेदीआधी एवढं जाणून घ्या

हकीक आणि फिरोजा हे खडे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतात. पण हिरवी बांगडी पुढे करून दुकानदार 'हे जेड आहे' म्हणाला की आपण गोंधळतो. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

जेड म्हणजे उर्दू-फारसीतला यशब. या एका नावाखाली दोन वेगळी खनिजं विकली जातात. फ्रेंच शास्त्रज्ञ दामूर यांनी १८६३ मध्ये हा फरक दाखवून दिला.

नेफ्राइट : हा जुना यशब. पांढरा, सायीसारखा किंवा गडद हिरवा असतो. आतले तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने तो अतिशय चिवट असतो, सहसा फुटत नाही. समरकंदला तैमूरच्या कबरीवरचा दगड याचाच. शाहजहानचा १६५७ चा पांढरा प्यालाही याचाच. तो आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

जेडाइट : हा जास्त कठीण, वजनाला जड आणि बराच महाग. हिरव्याशिवाय जांभळट, पांढऱ्या रंगातही मिळतो. सर्वांत महागडा पाचूसारखा हिरवा रंग क्रोमियममुळे येतो. उत्तम माल म्यानमारच्या काचिन प्रांतातून येतो. तिथल्या खाणीत जुलै २०२० मध्ये दरड कोसळून दीडशेहून अधिक मजूर दगावले. या चमकेमागे ही किंमतही आहे.

ए, बी आणि सी : जेडाइटच्या बाजारात ही अक्षरं ऐकू येतात. ती दर्जाची नाहीत, प्रक्रियेची आहेत. 'ए' म्हणजे नैसर्गिक, फार तर वरून मेण लावलेला. 'बी' म्हणजे आम्लात धुऊन आत प्लास्टिकसारखं द्रव्य भरलेला. 'सी' म्हणजे रंगवलेला. बी आणि सी सुरुवातीला छान दिसतात, पण काही वर्षांत बी पिवळट पडू शकतो, सीचा रंग उडू शकतो.

नुसतं नाव जेड : 'इंडियन जेड' हा बहुधा अव्हेंच्युरिन, म्हणजे हिरवा क्वार्ट्झ असतो. 'मलेशिया जेड' हा रंगवलेला क्वार्ट्झ. 'न्यू जेड' म्हणजे सर्पेंटाइन, हा मऊ असतो. हे खडे वाईट नाहीत, पण जेडच्या भावात घेणं म्हणजे फसणं.

हाताला गार लागतो, टणक वाजतो, या घरगुती परीक्षांवर विसंबू नका. बी प्रकार डोळ्यांनी ओळखता येत नाही, त्याला प्रयोगशाळेची इन्फ्रारेड तपासणीच लागते. महाग वस्तू असेल तर प्रमाणपत्र मागा आणि बिलावर खनिजाचं नाव व प्रक्रिया लिहून घ्या. लिहून द्यायला दुकानदार कचरत असेल, तर तिथून उठलेलं बरं.