पांडुरोग, लोह आणि मुंबई

धनत्रयोदशीला घरात गुंजभर तरी सोने यावे असे कोणाला वाटत नाही? लोखंड मात्र त्या दिवशी उंबऱ्याच्या आत आणू नये, असा कित्येक घरांतला दंडक. मौज अशी की, हाच दिवस वैद्यांच्या धन्वंतरीपूजनाचा, आणि वैद्यांच्या बटव्यात लोहाचा मान मोठा! अंगावर सोने नसले तरी माणसाचे अडत नाही. अंगात 3-4 ग्रॅम लोह मात्र असावेच लागते. रक्ताचा तांबडेपणा आणि प्राणवायूची सारी वाहतूक एवढ्याशा लोहावर चालते.

मी शाळामास्तरीण; उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. वैद्यकाशी माझा संबंध वाचक म्हणून आला तेवढाच. परंतु मुलुंडला वर्गातल्या मुलींना सोमवारी लोहाच्या निळ्या गोळ्या वाटल्या, की शाळा सुटताना एखादी आई हमखास विचारी, “बाई, ह्या गोळीनं काही व्हायचं तर नाही ना?” नुसते ‘नाही हो’ म्हणून तिची समजूत घालणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून मी ह्या गोळीची कुळकथा शोधू लागले, आणि ती आपल्या मुंबईतूनच गेलेली पाहून मला नवल वाटले.

कुळ फार जुने आहे. चरकसंहितेत पांडुरोगावर नवायस चूर्ण सांगितले आहे: सुंठ, मिरी, पिंपळी, त्रिफळा, नागरमोथा, वावडिंग आणि चित्रक ही नऊ द्रव्ये, आणि त्यांच्या एकत्रित वजनाइतके लोह. पण कच्चे लोखंड कुटून खा, असे कोणत्याही वैद्याने सांगितलेले नाही. ते तापवून लाल करावयाचे, तेलात, ताकात, गोमूत्रात, कांजीत, कुळथाच्या काढ्यात पुनःपुन्हा विझवावयाचे, आणि मगच त्याचे भस्म करावयाचे. लोह हितकर खरे, पण त्याला वेसण हवी, हे त्या लोकांनी ओळखले होते.

युरोपात ही ओळख निराळ्या वाटेने झाली. 1746 साली इटलीतल्या मेंघिनी नावाच्या वैद्याने रक्त वाळवून जाळले, त्याची पूड केली आणि तिच्यावर लोहचुंबक धरला. कण टपाटप चिकटले. रक्तात लोखंड आहे याचा असा डोळ्यांदेखत पुरावा मिळाला. पुढे 1832 साली फ्रान्समधल्या ब्लो या डॉक्टराने फिकट पडलेल्या तरुण मुलींसाठी लोहाच्या गोळ्या प्रसिद्ध केल्या. आजच्या फेरस सल्फेटच्या गोळीची ती आजीच म्हणावयाची.

आता मुंबई. 1928 साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण परळच्या हाफकिन संस्थेत संशोधनासाठी आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बाया भयंकर फिकट पडत, कित्येक दगावत. फिकेपणा म्हणजे लोहाची उणीव, असे कोणीही म्हणाले असते. परंतु लोह उणे असले की रक्ताच्या तांबड्या पेशी लहान होतात, आणि ह्या बायांच्या पेशी तर वाजवीपेक्षा मोठ्या दिसत. विल्सबाईंनी एस. एन. तळपदे यांच्यासह ह्या बायांचा आहार आणि राहणी तपासली. रोगाचे मूळ त्यांना अन्नाच्या दारिद्र्यात दिसले. यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्लंडात पावाला लावून खातात त्या स्वस्त मार्माइटने, ह्या बाया सुधारू लागल्या. 1931 साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. त्या अर्कातला उपकारी अंश म्हणजे फोलेट. आपण ज्याला फॉलिक ॲसिड म्हणतो तेच.

मला ह्या हकीकतीचे सार एका वाक्यात सांगावेसे वाटते: प्रत्येक फिकेपणा लोहाचा नसतो. मुंबईने जगाला दिलेला हा धडा मुंबईकरांनीच विसरावा काय?

भारत सरकारने 1970 साली पांडुरोगाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तेव्हा लोह आणि फॉलिक ॲसिड एकाच गोळीत नांदू लागली. आज मोठ्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी असते, तर गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक तांबडी. दोन्हींत 60 मिलिग्रॅम लोह असते. गरज अजून सरलेली नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक, 54 टक्के, स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले.

परंतु नुसती गोळी पोचवून भागत नाही. विश्वासही पोचवावा लागतो. ऑगस्ट 2018 मध्ये गोवंडीच्या एका महापालिका शाळेतली मुलगी वारली. त्याच आठवड्यात गोळ्या वाटल्या होत्या. घाबरलेल्या पालकांनी शेकडो मुले घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात आणि गोवंडीच्या शताब्दीत नेली. शवविच्छेदनाचा प्राथमिक अहवाल क्षयाकडे बोट दाखवीत होता. पण त्या आयांच्या भीतीला मी हसणार नाही. त्यांना आधी कोणी चार शब्द समजावून सांगितले होते काय?

तेच चार शब्द येथे सांगते. गोळी उपाशीपोटी अधिक अंगी लागते, पण मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी. शाळेत मुलांना ती जेवणानंतरच देतात. लिंबू किंवा आवळा तिचा मित्र; चहा, कॉफी, दूध, कॅल्शियमची आणि आम्लपित्ताची औषधे यांपासून तिला दोन तास तरी दूर ठेवावे. शौच काळसर होते, त्याला भिऊ नये; डांबरासारखे चिकट झाले तर मात्र डॉक्टर गाठावा. हिमोग्लोबिन भरले तरी अंगातला साठा भरण्यास साधारण तीन महिने अधिक लागतात. पुरुषाच्या किंवा वयस्क बाईच्या अंगी लोह कमी भरले, तर रक्त कोठून झिरपते आहे ते आधी शोधावे. आणि सर्वांत मोठी गोष्ट: ह्या साखरेच्या लेपाच्या गोळ्या लहान मुलांना गोड वाटतात. मूठभर गोळ्या पोटात गेल्या तर चिमुरड्याचा जीव जाऊ शकतो. मूल मध्येच बरे दिसू लागते, त्याला फसू नये. तडक रुग्णालय गाठावे.

आपल्या उपनगरांना आणखी एक सांगणे आहे. मुलुंड-घाटकोपरकडे कच्छी लोहाणा, भानुशाली, सिंधी कुटुंबे पुष्कळ, आणि ह्या समाजांत थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळतात. वाहकाच्याही पेशी लहान दिसतात, म्हणून लोहाची उणीव असल्याचा भास होतो, आणि वर्षानुवर्षे गोळ्या व्यर्थ पोटात जातात. ज्या मुलांना हा रोग पुरता असतो, त्यांची गोष्ट आणखी करुण. बोरिवलीला महापालिकेचे केंद्र आहे, तेथे अशी मुले उपचारांसाठी येतात. वारंवार रक्त भरल्यामुळे त्यांच्या अंगात लोह साचते, आणि ते बाहेर टाकण्याची वाट शरीराला ठाऊकच नाही! तेथे लोह घालण्याचे नव्हे, काढण्याचे औषध द्यावे लागते. म्हणून गोळ्यांचा दीर्घ उपचार धरण्यापूर्वी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि डॉक्टर म्हणतील तर थॅलेसेमियाची तपासणी, एवढे करून घ्यावे.

यंदाच्या फराळात हळिवाचे लाडू जरूर करा. बाळंतिणीला ते देणाऱ्या आपल्या आज्या शहाण्या होत्या. मात्र उणीव खरोखर मोठी असेल तर लाडू पुरे पडत नाही, गोळीच लागते. आणि घरातली जी बाई सर्वांना वाढून मागाहून उरलेसुरले खाते, तिचे ताट ह्या दिवाळीत आधी वाढा. विल्सबाईंना परळात दिसलेले मूळ अन्नाच्या दारिद्र्यात होते, आणि ते दारिद्र्य अजून पुष्कळ घरांत, भरल्या स्वयंपाकघरातसुद्धा, तिच्याच वाट्याला येते.