पांजरपोळ आणि घर

बेवारस कुत्र्याला घर मिळवून देणे हा आपल्याकडे अलीकडचा, शहरी आणि काहीसा हौशी मंडळींचा उद्योग समजला जातो. वृत्तपत्रात एखाद्या पिलाचे छायाचित्र येते, त्याखाली 'दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांनी संपर्क साधावा' अशा दोन ओळी असतात आणि वाचक पान उलटतो. या दोन ओळींमागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा धागा मुंबईच्या रस्त्यावर झालेल्या एका दंगलीपर्यंत जातो, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असा आमचा विचार आहे.

प्रथम खेड्याकडे पाहू. परभणी-मनमाड रेल्वेमार्गावर, परभणीच्या जवळ, पेडगाव नावाचे गाव आहे. ('वेड पांघरून पेडगावला जाणे' या म्हणीतले पेडगाव हे नव्हे, ते भीमेच्या काठी, पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात.) मराठवाड्यातील अशा गावांत कुत्रा बहुधा कोणा एकाच्या मालकीचा नसतो, पण म्हणून तो बेवारस असतो असेही नाही. तो एका आळीचा असतो. चार घरांच्या शिळ्या भाकरीवर जगतो आणि रात्री त्याच चार घरांसाठी भुंकतो. त्याला उंबरठा ओलांडू देत नाहीत, परंतु अंगणातून हाकलूनही देत नाहीत. खंडोबाच्या आणि दत्ताच्या पायाशी कुत्रा दिसतो तो याच लोकजीवनातून. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत नरसी हे गाव परभणी जिल्ह्यातच होते. परंपरा त्याला संत नामदेवांचे जन्मस्थान मानते. कोरड्या भाकरी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही आख्यायिका महाराष्ट्रात लहान मुलांनाही माहीत असते. त्या कुत्र्याला नामदेवांनी घरी नेले, असे मात्र कथा म्हणत नाही. त्याची तशी गरजच नव्हती.

गरज उत्पन्न झाली ती शहरात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईची वस्ती झपाट्याने वाढत होती आणि तिच्याबरोबर रस्त्यावरील कुत्र्यांची संख्याही. १८१३ सालापासून वर्षातील ठरावीक दिवसांत मोकाट कुत्रे मारण्याची मुभा सरकारी नियमाने होती. १८३२ साली दंडाधिकाऱ्यांनी ही मुदत वाढविली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. त्या काळी आठ आणे ही लहान रक्कम नव्हती. साहजिकच कुत्रे मारणाऱ्यांनी रस्ता आणि अंगण यांत भेद ठेवला नाही; लोकांच्या घरांतून पाळीव कुत्रेही ओढून नेले जाऊ लागले.

पारशी समाजाला हे असह्य झाले. जरथुष्ट्री धर्मात कुत्र्याचे स्थान फार वरचे आहे. वेंदिदाद या ग्रंथात कुत्र्याला इजा करणाऱ्यासाठी कठोर शिक्षा सांगितल्या आहेत, आणि माणूस मृत्यू पावल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची दृष्टी पडावी, हा 'सगदीद' नावाचा विधी अंत्यसंस्काराचा भाग आहे. तशात कुत्रे मारण्याचे काम पारशांच्या एका पवित्र दिवशी चालू राहिले. ६ जून १८३२ रोजी फोर्ट भागात जमावाने शिपायांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला. दुकाने बंद झाली, कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडविण्यात आली. जैन, वैष्णव आणि इतर व्यापारीही या हरताळात सामील झाले. अखेर सैन्य बोलावून जमाव पांगविण्यात आला व अनेकांना अटक झाली. मुंबईच्या इतिहासात हे प्रकरण 'कुत्र्यांची दंगल' म्हणून ओळखले जाते. नावामुळे ते हास्यास्पद वाटते. पण एका वसाहतीतील व्यापारी वर्गाने सरकारी हुकमाविरुद्ध शहर बंद पाडावे, ही त्या काळी हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट नव्हती.

दंडाधिकाऱ्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पिसाळलेला कुत्रा चावला आणि जलसंत्रास सुरू झाला की मृत्यू अटळ होता, आणि त्यावर काहीच उपाय नव्हता. लुई पाश्चर यांनी लस टोचून एका मुलाला वाचविले ते ६ जुलै १८८५ रोजी. आपल्या देशात कसौलीची पाश्चर संस्था निघाली ती १९०० साली. १८३२ च्या मुंबईत ज्या बापाच्या मुलाला कुत्रा चावला होता त्याला दंगलखोरांचा धर्मभाव कितपत पटला असता, हे सांगणे कठीण आहे. रेबीजचे दुखणे एकदा जडल्यावर आजही जवळजवळ असाध्यच आहे. चावा झाल्याबरोबर जखम साबणाने भरपूर धुणे आणि वेळेवर सर्व लसी घेणे एवढाच तरणोपाय असतो. कुत्र्यांविषयी कळवळ्याने लिहिणारे पुष्कळदा ही बाजू गाळून टाकतात. ती गाळून हा इतिहास नीट समजत नाही.

दंगलीनंतर दोन वर्षांनी, १८ ऑक्टोबर १८३४ रोजी, जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी शेठ मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ स्थापन झाले. जमशेटजी तेव्हा 'सर' झालेले नव्हते. तो किताब त्यांना १८४२ साली मिळाला. एक पारशी, एक जैन. दोघांचाही चीनशी व्यापार. मारले जाणारे मोकाट प्राणी, विशेषतः कुत्रे, वाचविण्यासाठी ही संस्था उभी राहिली. भुलेश्वरची पांजरपोळ गल्ली आजही तिचेच नाव सांगते. पुढे गुरांचे प्रमाण वाढत गेले, आणि आज तेथे जाणाऱ्याला मुख्यतः गाईच दिसतात. ज्याच्यामुळे संस्था निघाली तो प्राणी तिच्यातून जवळजवळ नाहीसा झाला, ही गोष्ट आम्हाला विचार करण्याजोगी वाटते.

यानंतर सव्वीस वर्षांनी, १८६० साली, लंडनच्या हॉलोवे भागात मेरी टील्बी नावाच्या बाईंनी हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी एक आश्रयस्थान उघडले. वृत्तपत्रांनी त्यांची टिंगल केली. माणसांची मुले रस्त्यावर असताना कुत्र्यांची कसली घरे, असा एकंदर सूर होता. पुढे १८७१ साली ही संस्था बॅटरसी येथे गेली आणि त्याच नावाने जगभर प्रसिद्ध झाली. काळाच्या हिशेबाने पाहिले तर या बाबतीत मुंबई लंडनच्या पुढे होती. परंतु दोन्ही संस्थांचा हेतू एक नव्हता. पांजरपोळात आलेला प्राणी मरेपर्यंत तेथेच राहणार, त्याला कोणी मारणार नाही, एवढे वचन होते. त्याला पुन्हा कोणाचे अंगण मिळावे, हा विचार त्यात नव्हता. लंडनच्या संस्थेत मूळ धनी शोधला जाई आणि तो न सापडल्यास नवा धनी पाहिला जाई. परंतु दोन्ही न मिळाले तर ठरावीक दिवसांनी कुत्र्याला ठार केले जाई. एकीकडे जीव वाचत होता, घर मिळत नव्हते. दुसरीकडे घर मिळत होते, पण ज्याला मिळाले नाही त्याचा जीव जात होता.

घर हे संस्थेने देण्याची गोष्टच नव्हे, ते एखादे कुटुंबच देऊ शकते. येथे आम्हाला लिमा शहरातील संत मार्टिन डी पोरेस (१५७९-१६३९) यांची आठवण होते. मठातील या सेवकबंधूने रस्त्यावरची रोगट कुत्री-मांजरे मठात आणून त्यांची शुश्रूषा चालविली. वरिष्ठांना ते रुचले नाही. तेव्हा, चरित्रकार सांगतात, मार्टिन यांनी त्या प्राण्यांची सोय आपल्या विवाहित बहिणीच्या घरी केली. त्या बहिणीला काय वाटले असेल, याविषयी चरित्रकार फारसे बोलत नाहीत. आम्हाला मात्र या कथेत तीच महत्त्वाची वाटते.

मुंबईत पुढील शतकभर प्रश्न संस्थांच्याच हाती राहिला. १८७४ साली प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी मंडळी स्थापन झाली. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे त्यांच्या पत्नीच्या नावे बाई सकरबाई जनावरांचे इस्पितळ उभे राहिले, ते अजूनही चालू आहे. तरी रस्त्यावरचे कुत्रे मारणे थांबले नाही. स्वातंत्र्यानंतरही महानगरपालिका ते करीतच होती. हजारो कुत्रे मारूनही संख्या घटत नव्हती, कारण मोकळ्या झालेल्या आळीत शेजारचे कुत्रे शिरत आणि उरलेल्यांना अधिक पिले होत. हे ध्यानात आल्यावर १९९० नंतरच्या दशकात मुंबईने निर्बीजीकरणाचा मार्ग धरला. २००१ साली केंद्र सरकारने त्यासंबंधीचे नियम केले. २०२३ साली त्यांच्या जागी नवे नियम आले. कुत्रा पकडावा, शस्त्रक्रिया करावी, रेबीजची लस टोचावी, ओळखीसाठी कानाला खाच द्यावी आणि जेथून आणला तेथेच सोडावा, हा त्यांचा गाभा. म्हणजे कायद्याने पेडगावच्या आळीचाच न्याय शहराला लावला. अडचण इतकीच की शहरात आळी उरलेली नाही. चार घरांची भाकरीही नाही.

२०२५ साली हा तोल पुन्हा ढळला. ११ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातील सर्व मोकाट कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो सौम्य करून, लस व शस्त्रक्रिया झालेले कुत्रे, पिसाळलेले आणि आक्रमक वगळून, मूळ जागी सोडण्यास सांगितले. त्यानंतर ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके येथील कुत्रे हलवून निवाऱ्यात ठेवावेत व पुन्हा तेथे सोडू नयेत, असे देशभरासाठी ठरले. म्हणजे पेडगावसारख्या लहान स्थानकावर फलाटाच्या सावलीत पडून असलेला कुत्राही या आदेशाच्या कक्षेत आला. असे निवारे किती ठिकाणी आहेत आणि ते कोण चालविणार, हा प्रश्न लहान नगरपालिकांपुढे आ वासून उभा राहिला.

२२ ऑगस्टच्या आदेशात एक वाक्य मात्र असे आहे की ज्याकडे गदारोळात कोणी फारसे लक्ष दिले नाही. इच्छुक व्यक्तींनी स्थानिक संस्थेकडे अर्ज करावा, रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यावा, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांचीच राहील, असे त्यात म्हटले आहे. 'दत्तक' हा शब्द येथे मुद्दाम पाहण्यासारखा आहे. मराठीत बेवारस म्हणजे ज्याला वारस नाही तो, आणि दत्तक म्हणजे जो वारस म्हणून घरात घेतला तो. जनावरांच्या आश्रयासाठी आपल्याकडे पांजरपोळ हा स्वतंत्र शब्द फार पूर्वीच रूढ झाला. त्यांना घर देण्यासाठी मात्र माणसांच्या लेकरांचा शब्द उसना घ्यावा लागला.

मुंबई-पुण्याकडील प्राणिसंस्था आता हे काम नियमितपणे करतात. त्यांची पद्धत साधी आहे. अर्ज भरून घेतात, घर पाहून येतात, घरातील सर्वांची संमती आहे ना याची खात्री करतात, आणि कुत्रा सोपविल्यावरही काही काळ विचारपूस ठेवतात. पिले लवकर जातात. मोठे, काळे किंवा तीन पायांचे कुत्रे मागे राहतात. निवाऱ्यातून आलेला प्रौढ कुत्रा पहिले काही दिवस पलंगाखाली किंवा दाराआड बसून राहतो, नीट खात नाही, हाकेला ओ देत नाही. अनेक जण याच दिवसांत कंटाळून त्याला परत आणतात. म्हणून संस्थांचे कार्यकर्ते नव्या कुटुंबाला आरंभीच सांगून ठेवतात, की निदान तीन महिने त्याच्याकडून कसलीही अपेक्षा करू नका. जेवण वेळेवर द्या, जागा एकच ठेवा आणि त्याला आपणहून जवळ येऊ द्या.