आठ हजारांचा मैल अठरा हजारांना कसा पडला?

मोठी सार्वजनिक कामे अंदाजपत्रकाच्या दुप्पट खर्च का खातात, हा प्रश्न मेट्रो आणि महामार्गांच्या काळातला वाटतो. प्रत्यक्षात आपल्याकडे तो रेल्वेइतकाच जुना आहे. लॉर्ड डलहौसीने लोहमार्गाचा खर्च मैलामागे ८,००० पौंड धरला होता. १८६० चे दशक सरता सरता सरासरी १८,००० पौंडांच्या घरात गेली. आजचा थ्रेड या मधल्या दहा हजारांविषयी.

मूळ १८४९ च्या करारात आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी, ही लंडनमध्ये भांडवल उभारणारी खासगी रेल्वे कंपनी. ईस्ट इंडिया कंपनीने तिला भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी दिली. जमीनही फुकट दिली. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे मुख्यत्वे शेतसाऱ्यातून, भरून निघणार होती.

यातली मेख अशी की, खर्च वाढला की भांडवल वाढे आणि भांडवल वाढले की हमीची रक्कमही वाढे. काटकसरीने भागधारकाच्या पदरात फारसे काही पडत नव्हते. माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी याने १८७२ मध्ये संसदीय समितीपुढे साक्षच दिली, की ५ टक्के मिळत असेतो आपला पैसा विटा-चुन्यात गेला की हुगळी नदीत, याचे गुंतवणूकदाराला सोयरसुतक नव्हते. हे बोलणारा कोणी राष्ट्रवादी टीकाकार नव्हता, याची नोंद घ्यावी.

तथापि सारा दोष हमीवर लोटणे मला अन्यायाचे वाटते. रूळ आणि इंजिने विलायतेहून जहाजाने येत. त्यात सह्याद्री! बोरघाटात सुमारे १६ मैलांत १,८३१ फुटांची चढण आणि २५ बोगदे. १८५६ मध्ये सुरू झालेले हे काम १८६३ मध्ये संपले. शेवटच्या वर्षांत अमेरिकेतील यादवीमुळे मुंबईत कापसाचा पैसा खेळू लागला आणि महागाई वाढली. असा घाट स्वस्तात झाला नसताच.

पण त्याच घाटात, इतका पैसा ओतला जात असताना, १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला. पैसा लंडनहून कंपनीकडे, कंपनीकडून फॅव्हिएल या कंत्राटदाराकडे, तेथून पोटकंत्राटदार आणि मुकादमांकडे झिरपत येई. सुरुंग लावणाऱ्याच्या हाती पोहोचेपर्यंत त्याचे काय उरे, हे त्या दंग्याने दाखवले. फॅव्हिएलने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी, येथे आल्यावर काही महिन्यांतच वारला आणि कंत्राट त्याची पत्नी अॅलिस हिने पुढे चालवले. १८६१ मध्ये घाटात ४२,००० च्या वर माणसे राबत होती. पटकी आणि तापाने किती गेली, त्यांचा खर्च कोणत्याही हिशेबवहीत चढला नाही.

एवढे करून काम तरी टिकाऊ झाले का? घाटातला एक मोठा दगडी पूल १८६७ मध्ये, मार्ग खुला झाल्यावर चारच वर्षांनी, कोसळला.

सरकारी देखरेख नव्हती असे नाही. सरकारचे सल्लागार अभियंते नकाशे आणि खर्च तपासत, मंजुरीसाठी कागद अडत, कंपन्या विलंबाची तक्रार करत. ज्याच्या खिशातून पैसा जात होता, त्या रयतेला मात्र या पत्रव्यवहारात कोठेच जागा नव्हती. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेच्या आर्थिक परिणामांची चिकित्सा केली, तोवर बराचसा पैसा खर्च होऊन गेला होता.

१८६९ नंतर सरकारने काही काळ स्वतः रेल्वे बांधून पाहिली आणि खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी अरुंद मीटरगेजही स्वीकारले. जीआयपी सरकारने विकत घेतली ती १९०० मध्ये. करारानुसार किंमत ठरली भागांच्या मागील तीन वर्षांच्या सरासरी बाजारभावाने. आणि हा भाव सरकारच्याच हमीने चढलेला होता. खरेदीनंतरही कारभार १९२५ पर्यंत त्याच कंपनीकडे राहिला.